राणीला कोणी विचारलं नाही

पावसाळ्यातला वर्षावास आला की विहारात कथा सांगायला मलाच धरून बसवतात. वाचणारे ढीगभर आहेत, त्यांना नेमकी सर्दी होते. मग आणा म्हाताऱ्याला. बरं, गप बसा आता.

पूर्वी वाराणसीला अरिंदम राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्व राजवैद्याच्या पोटी जन्माला आला. नाव सुयाम. त्या घराण्याची रीत अशी, की वैद्याने नाडी धरावी आणि रोग सांगावा. रोग्याला काही विचारायचं नाही. विद्या रक्तातच उतरते म्हणायचे, म्हणून बाप लेकाला शिकवीतही नसे. तिंदुक नावाचा शिष्य सारखं 'का' विचारायचा, त्याला बापाने हाकलून दिलं होतं.

बाप वारला, राजवैद्याचं पागोटं सुयामाच्या डोक्यावर आलं. वर्षाच्या आत भद्रा राणी अंथरुणाला खिळली. अंगभर फोड, नुसती आग, पोटात पाणी ठरेना.

सुयामाने नाडी धरली. ती उडत होती, एवढंच त्याला कळलं. राजा वाट पाहत उभा. एखादा रोग ठोकून द्यायला काय लागतं? सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या, आणि बाई मेली तर नशिबाने मेली म्हणाले असते.

त्याने पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. "महाराज, मला कळत नाही. मी विचारून येतो."

राजा भडकला. तू त्याच बापाचा का कोणी बदलून ठेवला, असं सगळ्यांदेखत बोलला. राणी गेली तर तुलाही सोडणार नाही म्हणाला.

सुयाम नदीपार तिंदुकाच्या झोपडीत गेला, पायाशी बसला. तिंदुक मुळ्या कुटत होता. त्याने वरही पाहिलं नाही.

"बापाने हाकललं, लेक पाया पडतोय. बोल, राणी खाते काय?"

"माहीत नाही."

"आग कधी वाढते?"

"तेही विचारलं नाही."

"तिला तोंड आहे ना? जा, विचार तिला. काय सांगेल ते घेऊन ये, पुढचं मी शिकवतो."

तो तसाच परतला, राणीच्या उशाशी बसला आणि विचारलं. राणीला रडू आलं. इतक्या वर्षांत कुठल्या वैद्याने तिला बोलू दिलं नव्हतं. "तुझ्या वडिलांनी सांधे धरले म्हणून बिब्ब्याचं औषध दिलं," ती म्हणाली. "थांबवायचं कधी, ते सांगितलं नाही. मी रोज घेते."

औषध बंद झालं. तिंदुकाने उतलेल्या बिब्ब्यावरचा उतारा शिकवला, तूप आणि खोबरं. राणी वाचली. राजाने विचारलं, रोग कुठला होता?

"रोग नव्हता, महाराज. माझ्या बापाचं औषध होतं."

घराण्याचं नाव मातीत गेलं. तरी राजा पागोटं परत देऊ लागला. सुयामाने ते तिंदुकाला द्यायला सांगितलं, आणि स्वतः त्याच्याकडे मुळ्या कुटायला बसला.

तो राजा म्हणजे पुढच्या जन्मी आनंद, तिंदुक म्हणजे सारिपुत्त, दोघे भगवानांचे शिष्य, आणि सुयाम म्हणजे स्वतः भगवान. ही प्रज्ञा पारमिता, म्हणजे शहाणपणाची परिसीमा. बुद्धी जन्मासोबत येत असेल, पण विचारल्यावाचून ती जागची हलत नाही.

राणी पुढे कोण झाली, ते मला ठाऊक नाही. मी आपल्या विहारातल्या मास्तरांना विचारलं होतं. तर चारचौघांत हसून म्हणाले, आजोबा, तुम्हाला काय करायचंय ते. अजून माफी मागितलेली नाही तुळशीराम मास्तरांनी.