पानांवरची धूळ

आमच्या कॉलनीच्या टाकीत टँकर दिवसाआड येतो, चेअरमन बिराजदार साहेबांचा हुकूम मात्र रोज येतो. ताजा हुकूम असा: जो झाडांना पाईपने पाणी घालील, त्याचा नळ बंद.

वाळून गेलेल्या गल्लीत हिरवी दोनच अंगणं उरली होती, साहेबांचं आणि समोरचं आमचं. साहेब चार सभासदांना घेऊन आमच्याच फाटकात उभे राहिले.

"सूनबाई, कढीपत्ता एवढा हिरवा कसा? पाईप लावता ना? उद्यापासून नळ बंद."

कडेवर रेवा घामोळ्यांनी किरकिरत होती. नळ गेला तर हिला अंघोळ कशाने घालू, एवढंच माझ्या डोक्यात. मला उत्तरं सुचतात ती भांडण संपल्यावर, भांडी घासताना.

"हिच्या अंघोळीचं पाणी घालते, साहेब. तांब्याने, मुळाशी."

"पुरावा काय?"

तेवढ्यात मोठ्या रस्त्यावर खडीचा डंपर धडधडला. आठवडाभर असे डंपर गल्लीतून जात होते आणि धुरळा दोन्ही अंगणांत बसत होता.

"या पानावरून बोट फिरवा," मी म्हटलं. त्यांनी फिरवलं. बोट मातकट झालं.

"पाईपने पाणी मारलं असतं, तर पानं धुतली गेली असती. आता तुमच्या जास्वंदीवरून फिरवा. बोट मात्र दुसरं घ्या, नाहीतर तिची पानं मळतील."

सगळ्यांच्या माना समोर वळल्या. जास्वंद नुकतीच न्हाल्यासारखी चकाकत होती. साहेब खिशात रुमाल शोधू लागले.

नळ वाचला. संध्याकाळी सोडला, तर त्यातून नुसती हवा आली. रेवाला ओल्या फडक्याने पुसलं. कढीपत्त्याला त्या दिवशी काहीच मिळालं नाही.