मुकिंदादादाने ड्रायव्हर आणला

वायरलेस म्हणजे वायर नसलेलं. मग जे नाहीच, ते चालू करायला बाहेरून काय आणायचं?

हा प्रश्न मुकिंदादादाने वैजूताईला विचारला. नेट कॅफेवाल्या रफिकभाईंना विचारला. एसटीच्या कंडक्टरलाही विचारला. कंडक्टर म्हणाला, पुढे सरका.

तर पाथरदरा नावाच्या गावात असा एक भोळा माणूस होता. सांगाल ते तसंच्या तसं करायचा, त्यात स्वतःचं काडीभर घालायचा नाही. तो माझा सख्खा मोठा भाऊ. मागच्या महिन्यात तापाने गेला. तरी तुम्ही हसा. तो असताना सगळं गाव हसायचं, आणि का हसतात ते न कळता तोही हसायचा.

झालं असं. वैजूताई आमची मधली बहीण. तिला घरबसल्या कामाची एक परीक्षा द्यायची होती. शनिवारी दुपारी, लॅपटॉपवर, कॅमेऱ्यासमोर. फोनवर चालणार नव्हतं. पास झाली तर आईचं कांद्याच्या चाळीत मजुरीने कांदा निवडायला जाणं सुटणार होतं. मामाने त्याचा जुना लॅपटॉप दिला. देताना सगळं पुसून कोरा करून दिला, आणि त्यात वायफायही पुसलं गेलं. ताई म्हणाली, ड्रायव्हर गेलाय. ड्रायव्हर म्हणजे एक छोटी फाईल. ती घातली की लॅपटॉपला वायफाय ओळखता येतं. ती नेटवर मिळते, पण लॅपटॉपला नेटच नाही. घरात नेट होतं ते फक्त दादाच्या फोनमध्ये, आणि फोनमधली फाईल लॅपटॉपमध्ये कशी न्यायची ते आमच्यात कोणाला येत नव्हतं. म्हणून ताईने दादाला पेनड्राईव्ह दिला आणि तालुक्याला रफिकभाईंकडे धाडलं.

रफिकभाईंनी कॉम्प्युटर लावून दिला आणि ते झेरॉक्सच्या गिऱ्हाइकाकडे वळले. दादासमोर एक पान उघडलं. त्यावर भलंमोठं हिरवं बटण. दादाने तेच दाबलं. घरी येऊन पेनड्राईव्ह लावला, तर त्यातून निघालं लग्नासाठी पत्रिका जुळवायचं काहीतरी. ताईने डोक्याला हात लावला. मग तिने समजावलं, असल्या पानांवर मोठं बटण फसवं असतं. खरं असतं ते बारीक, खाली कोपऱ्यात.

"मोठ्याला हात लावायचा नाही," दादा म्हणाला. "बारकं तेच खरं. आलं ध्यानात."

दुसऱ्या दिवशी आई चाळीवर निघताना त्याला सांगून गेली की बाहेर जाशील तेव्हा दार नीट लाव. दादाने मोठ्या दाराला हात लावला नाही. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बारकं, त्याला कुलूप घातलं. संध्याकाळी आई आली तर घरात शेळी. भाकरीची दुरडी रिकामी करून ती चुलीपाशी बसली होती आणि आता कालवण काय आहे असं बघत होती. कोंबड्या मात्र एकदम सुरक्षित होत्या.

ताईने नवा धडा दिला. ड्रायव्हर भलत्या पानावरून घ्यायचाच नाही. ज्या कंपनीने लॅपटॉप बनवला, तिच्या स्वतःच्या पानावरून घ्यायचा. मधल्याने दिलेल्यात काय मिसळलंय ते कळत नाही.

"जिथं बनतं तिथूनच घ्यायचं," दादा म्हणाला. "मधला नको."

तेवढ्यात लॅपटॉपचं काय झालं ते बघायला मामा आला. आईने दादाच्या हातात पातेलं दिलं आणि डेअरीवरून दूध आणायला पाठवलं. दादा डेअरीसमोरून गेला, पण थांबला नाही. डेअरी मधली. तो सरळ सोपानकाकांच्या गोठ्यात शिरला आणि म्हशीखाली बसला. सोपानकाका धावत आले.

"काय करतो रे मुकिंदा?"

"काका, तुम्ही मधले. जरा बाजूला व्हा."

काका बाजूला झाले नाहीत. त्यांनी काठी उचलली, पण त्यांच्याआधी म्हशीनेच काम उरकलं. मामाने कोरा चहा घेतला. दादाने गुडघ्याला हळद लावली.

गुडघा सुजलेला असतानाच तो पुन्हा तालुक्याला गेला. या वेळी रफिकभाईंनी कंपनीचं पान उघडून दिलं. पानाने विचारलं, लॅपटॉपचा नंबर काय? दादाला ठाऊक नव्हता. हात हलवत परत आला. ताईने लॅपटॉप उलटा केला आणि पोटाला चिकटवलेला नंबर दाखवला. तिने सांगितलं, आधी उलटं करून नंबर बघायचा. जुळला तर आपलं, नाहीतर घ्यायचं नाही.

त्याच दुपारी शेजारच्या सुमनकाकूंचा पाय मुरगळला. त्यांनी दादाला अंगणवाडीतून नातवाला आणायला सांगितलं. त्या नातवाला दादा रोज खांद्यावर घेऊन फिरवायचा. पण नियम तो नियम. त्याने अंगणवाडीतलं एकेक पोर पाय धरून उलटं केलं आणि नीट बघितलं. पोरांना एवढी मजा आली की बघून झालेली पुन्हा रांगेत उभी राहिली. बाई ओरडत होत्या, पण नंबर त्यांच्याकडेही नव्हता. दादा रिकाम्या हाताने परतला.

"काकू, एकाच्याही खाली नंबर नाही," तो म्हणाला. "सगळी तिथंच ठेवून आलो."

शुक्रवारी मात्र जमलं. तळहातावर नंबर लिहून गेला, कंपनीच्या पानावर बसला, खालचं बारकं बटण दाबलं. सगळे धडे एकाच जागी बरोबर लागले, आणि तेव्हा बघायला गावातलं कोणी नव्हतं. घरी ताईने ड्रायव्हर घातला. कोपऱ्यात वायफायची खूण उगवली. आईने दादाच्या हातावर साखर ठेवली. दादाने ती शेळीला अर्धी दिली.

ताईने लॅपटॉप वायफायने दादाच्या फोनला जोडला. नेट आलं, पण रडत रडत. फोन खिडकीत ठेवला तेव्हा जरा बरं चाललं. दादाने कारण विचारलं. ताई म्हणाली, डोंगरावर टॉवर आहे ना, फोन त्याच्या जितका जवळ तितकं नेट जास्त.

"जितका जवळ तितकं जास्त," दादा म्हणाला.

ताई अभ्यासात होती. तिने नुसती मान हलवली.

पुढचं ते दादाने आमच्यासाठी केलेलं शेवटचं काम.

शनिवारी ताई वेणी घालून कॅमेऱ्यासमोर बसली. आतून कडी लावली. आई त्या दिवशी चाळीवर गेली नाही. कोणी आवाज करू नये म्हणून ती उंबऱ्याबाहेर बसून राहिली, जाणाऱ्या-येणाऱ्याला हातानेच गप्प करत. पेपर सुरू झाला. थोड्या वेळाने आतून ताईचा रडका आवाज आला. नेट गेलं होतं. खिडकीत फोन नव्हता. घरात दादा नव्हता.

मी पाराकडे बघून आलो, डेअरीवर बघितलं, सोपानकाकांच्या गोठ्यातही डोकावलो. मग सहज वर बघितलं. डोंगरावर टॉवरपाशी एक माणूस हात वर करून उभा होता.

मी सुटलो. वाट सोडून काट्यातून चढलो. एक चप्पल कुठे राहिली ते मला अजून माहीत नाही. वर पोचलो तर दादा टॉवरच्या कुंपणाला चिकटून उभा. कुंपणाच्या आत जाता येत नव्हतं, म्हणून दोन्ही हातांनी फोन डोक्यावर धरलेला. सदरा घामाने अंगाला चिकटलेला. मला शिव्याच द्यायच्या होत्या. मी तोंड उघडलं, पण त्याने बोलू दिलं नाही. ओठावर बोट ठेवायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने डोळेच मोठे केले.

"हळू बोल, बारक्या," तो कुजबुजला. "वैजूचा पेपर चाललाय."

आणि चवड्यांवर उभा राहून त्याने फोन आणखी थोडा वर धरला.