सावलीची वाटणी

निंबगड आणि पैलथडी या दोन राज्यांत उन्हाळा इतका कडक झाला, की बारमाही झरेसुद्धा आटले. मग दोन्ही राजांनी सीमेवर मांडव घातला, मधोमध चुन्याची रेघ ओढली आणि आपापल्या बाजूला बसून परिषद मांडली. ही तेरावी. रान जाळून ऊन वाढवणाऱ्या कोळशाच्या भट्ट्या 'बंद कराव्यात' हे शब्द खोडून 'बंद करण्याचा विचार करावा' असे लिहायला नऊ दिवस गेले. जेवणात काय असावे, यावर मात्र पहिल्याच दिवशी एकमत झाले होते.

दहाव्या दिवशी मधावरून वाजले.

"तुमच्या देवराईतल्या माश्या आमच्या फुलांतला रस नेतात," पैलथडीचा राजा म्हणाला. "आमच्या फुलांचा मध आम्हाला द्या."

निंबगडचा राजा रणमल्ल महाहट्टी. त्याने देवराईत मध काढणाऱ्या साळूला बोलावले. "उद्या दुपारपर्यंत दोन्हीकडचा मध वेगळा करून आण. जमलं नाही, तर देवराईच तोडतो. माश्या नकोत आणि भांडणही नको. लाकूड भट्ट्यांना होईल."

त्या राईतून साळूच्या घरच्यांनी कधी वाळकी काटकीसुद्धा चुलीला नेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती मधाचे मडके आणि ओल्या पाल्याची पेंढी घेऊन आली. पोळ्यावरच्या माश्या उठवायला देतात तसा तिने रेघेच्या अलीकडे, निंबगडच्या बाजूला, धूर केला. तो थेट पैलथडीच्या राजाच्या नाकात गेला.

"महाराज, तो धूर निंबगडचा," साळू म्हणाली. "आमचा आम्हाला परत द्या. तुम्ही धूर वेगळा कराल, तसाच मी मध करीन."

"अगं बाई, तो धरू कसा?" राजा खोकत म्हणाला. तेवढ्यात वारा फिरला आणि रणमल्लाचे डोळे चुरचुरले. दोघेही पागोटी सावरत, चुन्याची रेघ तुडवत पळाले, ते थेट देवराईच्या कडेच्या वडाखाली जाऊन बसले. आसपास गारवा असा तेवढाच उरला होता.

साळू मडके घेऊन मागोमाग आली. "वडाचं खोड निंबगडात आणि सावली पैलथडीत. सावली नक्की कुणाची ते ठरेपर्यंत दोघांनीही उन्हात उभं राहावं, म्हणजे भांडण नको. बोला, आधी कोण उठतंय?"

कोणीच उठेना. रणमल्लाने शेजाऱ्याकडे पाहिले, शेजाऱ्याने त्याच्याकडे, आणि रणमल्ल पोट धरून हसू लागला.

"महाराज, भट्ट्यांचं काय लिहू? 'विचार करावा'?" मागून धावत आलेल्या चिटणिसाने विचारले.

"'आजच विझवाव्यात' असं लिही!" रणमल्ल म्हणाला. "आणि ही देवराई आजपासून साळूच्या शब्दावर. तिच्या परवानगीशिवाय तिथं कुऱ्हाड शिरणार नाही, माझीसुद्धा."

पैलथडीच्या राजाने त्याखाली शिक्का उमटवला. मग दोन्ही राजांनी एकाच वेळी मडक्यात बोटे घातली.