अठ्ठावन्नावी भाकरी

एका गावात यशवंत आण्णा नावाचे एक निवृत्त पोस्टमन राहत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाची पत्रं वाटली म्हणून की काय, आपलं नाव चारचौघांत घेतलेलं त्यांना फार आवडे.

त्या गावात भैरोबाच्या जत्रेला गावजेवण असे. आमटी देवळात शिजे आणि भाकरी घरोघरून येई. कोणत्या घरानं किती भाकऱ्या द्यायच्या, ते घरातली माणसं बघून पंच ठरवत आणि यादी देवळाच्या भिंतीला लावत. एकदा यादी लागली की आकडा मोडायचा नाही आणि कुरकुर करायची नाही, अशी रीत होती.

यंदा आण्णांनी ही यादी वहीतून काढून मोबाईलवरच्या ऑनलाइन तक्त्यात घातली. त्या तक्त्यात नुकतीच एक नवी सोय आली होती. पहिल्या दोन चौकटी भरल्या की उरलेल्या तो आपणच भरून दाखवी आणि विचारी, 'हे बरोबर आहे का?' आण्णांनी पहिल्या घरापुढे अकरा लिहिले, दुसऱ्यापुढे बारा. तक्त्यानं विचारलं. आण्णांनी 'हो' दाबलं आणि चहा प्यायला गेले.

तक्त्याला वाटलं, दर घराला एकेक भाकरी वाढवायची आहे. तेरा, चौदा, पंधरा करत तो अठ्ठेचाळिसाव्या घरापर्यंत गेला. यादी छापून आली ती इतकी रंगीत, की आकडे वाचायचं पंचांना सुचलंच नाही. त्यांनी आण्णांना शाल आणि श्रीफळ दिलं.

अठ्ठेचाळिसावं घर पारूबाईचं. म्हातारी एकटी. दरवर्षी तिच्याकडून पाच भाकऱ्या जात. यंदा शेजारणीनं यादी वाचून अठ्ठावन्न सांगितल्या. पारूबाईनं मनाशी म्हटलं, देवाच्या दारचा आकडा, त्याला काय विचारायचं? तिनं दोन घरांतून पीठ उसनं आणलं आणि जत्रेच्या दिवशी उजाडताच चूल पेटवली.

आण्णा शाल पांघरून देवळाकडे निघाले होते. पारूबाईच्या दाराशी आले, तेव्हा तिच्या पुढ्यात एकोणीस भाकऱ्या होत्या आणि मनगटं सुजली होती.

"आण्णा, दुपारपतूर अठ्ठावन्न व्हतील का रं?" तिनं विचारलं.

आण्णा दारातच थांबले. तिथंच मोबाईल उघडून त्यांनी तक्ता वरून खालपर्यंत पाहिला. सगळा घोटाळा लक्षात आला. ते तडक देवळात गेले आणि पंचांना खरं ते सांगितलं.

पंच मायाळू होते. ते म्हणाले, मोबाईल बिघडला असं सांगून टाकू, तुमच्या नावाला बट्टा नको. गावानंही ते लगेच मानलं असतं, कारण मोबाईल काही भांडायला येत नाही. आण्णांना मोह झालाच. पण ती सुजलेली मनगटं डोळ्यांपुढून हलेनात. त्यांनी जत्रेचा माईक हातात घेतला.

"मोबाईल बिघडला न्हाई. त्यानं मला इचारलं हुतं, ह्ये बरोबर हाय का. मी न बघताच व्हय म्हणलो. चूक माझी हाय."

मग त्यांनी शालीची घडी करून पंचांपुढे ठेवली आणि पारूबाईचं घर गाठलं. आकडा मोडायचा नाही हे खरं, पण भाकरी कोणी थापायची ते रीतीत कुठं सांगितलं होतं? आण्णा बाह्या सरसावून परातीपुढे बसले. त्यांची पहिली भाकरी चारी बाजूंनी फाटली. ते पाहायला बायका जमल्या, पोट धरधरून हसल्या आणि हसता हसता त्यांनी पीठ ओढून घेतलं. दुपारच्या आत अठ्ठावन्न भाकऱ्या झाल्या.

गावात भाकऱ्यांचे ढीग लागले. मग माईकवरून आजूबाजूच्या तिन्ही वाड्यांना आवतण गेलं. अशी भरगच्च पंगत त्या देवळानं कधी पाहिली नव्हती.

पारूबाईनं मात्र आण्णांची फाटकी भाकरी टोपलीत सगळ्यांच्या वर ठेवली.

"ऱ्हाऊ दे वरच," ती म्हणाली. "कुणी थापली त्ये न सांगता कळतंय."

सगळ्या पंगतीत सर्वांत मोठ्यानं हसले ते आण्णा.

पुढच्या वर्षी तक्त्यानं पुन्हा विचारलं, 'हे बरोबर आहे का?' आण्णांनी चहा बाजूला ठेवला, चष्मा लावला आणि शेवटच्या घरापासून वाचायला सुरुवात केली.

तात्पर्य: काम यंत्रानं केलं तरी होकार आपलाच असतो, आणि आपली चूक कबूल करणाऱ्याला हात द्यायला सारं गाव येतं.