तंबूतला परवाना

ऑस्ट्रेलियात सोनं निघालं म्हणताच हर्णैचा सखोजी तांडेल जहाज सोडून तिकडे खड्डा खणायला बसला. तिथला कायदा मोठा गमतीचा. खणणाऱ्याने परवाना अंगावर बाळगायचा, तपासणाऱ्याने आपलं नेमणूकपत्र. ज्याच्याजवळ कागद नाही त्याला, मग तो कुणी का असेना, दिवसभर ओंडक्याला साखळीने बांधायचं. आणि खड्डा दिवसभर ओस पडला की तो दुसऱ्याचा.

एका सकाळी सखोजी कमरेएवढ्या चिखलात उभा असताना काठावर नवे तपासनीस साहेब हवालदाराला घेऊन आले.

"परवाना?"

"तंबूत आहे, साहेब. इथे आणला तर तासाभरात त्याचा लगदा होतो."

"सबबी नकोत. वर ये. हवालदार, साखळी काढा."

सखोजी निमूट वर आला, हात पुढे केले आणि अदबीने म्हणाला, "तेवढं आपलं नेमणूकपत्र बघू द्या, साहेब."

साहेबांनी कोट चाचपला. "तंबूत आहे. शिक्क्याचा कागद या चिखलात कोण आणतो?"

"मीही तेच म्हणत होतो," सखोजी म्हणाला आणि हवालदाराकडे वळला. "दादा, ओंडका जरा लांबसा बघा. साहेबांनाही ऐसपैस बसता आलं पाहिजे."

आजूबाजूच्या खड्ड्यांतून हसू फुटलं. साहेबांनी साखळी गुंडाळायला सांगितली आणि सखोजी पुन्हा आपल्या चिखलात उतरला.