हौसाचा पहिला पेला

वेलदऱ्याच्या खिंडीतल्या या कडुनिंबावर हात ठेवून सांगतो, मंडळी, पुढचा शब्द न शब्द खरा आहे. असंच मी मागच्या वर्षीच्या पाहुण्यांनाही म्हणालो होतो, आणि त्यांना सांगितलं होतं की निंबावरची ही वेल एका चिनी यात्रेकरूनं झोळीतून आणली. तिकडं अंगात जोर राहावा म्हणून अशीच कसलीशी मुळी उकळून पितात म्हणे, तेवढं खरं. यात्रेकरू मात्र माझ्या पदरचा. वेल इथलीच आहे, गुळवेल. तुम्ही शहरात प्रतिकारशक्तीसाठी डबीतून गिळता, तीच.

आता बुडाशी बघा. खोड जमिनीला टेकतच नाही, हातभर वरच तुटलंय. आणि फांदीवरून सुतळीसारखी मुळं खाली मातीत उतरलीत. ते खोड हौसानं तोडलं, असं सांगतात.

ही हौसा गावाला याच वेलीचा काढा करून द्यायची. किती उकळायचं याला माप नव्हतं. जिभेवर थेंब टाकायचा, कडूपणा कानापर्यंत पोचला की भांडं उतरवायचं. एका साली तापाची साथ आली आणि तिची पोर गोदी फणफणली. पहिलाच घोट पोरीनं थुंकला.

"आई, नको ना गं."

हौसाला दया आली. म्हणाली, "बरं, नको तर नको. उद्या घे."

उद्या उजाडला तेव्हा गोदी नव्हती.

हौसा रडली नाही. तेराव्याला तिची जाऊ ठकू हिनं बळंच तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. तो तिनं मातीच्या ढेकळासारखा चावून गिळला. साथ सरली नव्हती, लोक दाराशी यायचे, म्हणून तिनं पुन्हा चूल पेटवली. पण जीभ काही सांगेना. मग ती पिणाऱ्यालाच विचारू लागली, "कडू आहे का?"

"कडू?" ठकू म्हणाली. "अगं बये, आजेसासूसुद्धा इतकी कडू नव्हती! तुला खरंच काही लागत नाही?"

"नाही."

"मिरची?"

"नाही."

"मी एवढी टाकून बोलते, ते तरी?"

"तेही नाही."

त्या दिवसापासून ठकू रोज तिला एक घोट पाजायची आणि तोंडाकडं बघत बसायची. गाव हळूहळू उठून कामाला लागलं. हौसाच तेवढी तशीच राहिली.

साथ संपली. एका दुपारी हौसा कोयता घेऊन इथं आली आणि तिनं वेल बुडातून तोडली. राग नव्हता म्हणे. सरपण तोडावं तशी तोडली.

"वेडे, पुढच्या साथीला काय देशील?" ठकू ओरडली.

"आता कुणी आजारी नाही," एवढंच हौसा बोलली.

वेल आठवड्यात वाळेल, असं सगळ्यांना वाटलं. उन्हाळा सरत आला तरी पानं हिरवीच. वर लोंबकळत राहिलेल्या वेलीनं एक बारीक मूळ खाली सोडलं. हौसा रोज येऊन त्याच्याखाली बसायची. मूळ मातीला टेकलं त्या दिवशी तिनं घागरभर पाणी आणून ओतलं, एक पान तोडून चघळलं. ठकूनं विचारलं, "कडू आहे का गं?"

"कडू आहे," हौसा म्हणाली. आणि मग अशी रडली, की खिंडीच्या दोन्ही अंगांना ऐकू गेलं.

आजही गावात कुणाकडं काढा झाला, की पहिला पेला वेलीखाली हौसाच्या नावानं मांडलेल्या या दगडापुढं ठेवतात. घरातली जाणती बाई विचारते, "कडू आहे का गं?" थोड्या वेळानं पेला मुळांशी ओततात, मग बाकीचे पितात.

आता तुमच्यातल्या या चष्मेवाल्या ताई विचारतायत, की हौसानं तेव्हाच उत्तर दिलं, तर गाव अजून का विचारतं?

बरोबर पकडलंत, ताई. उत्तर मी घातलंय. रडणंही माझंच. पाहुण्यांना तसंच माघारी पाठवायला जड जातं. गावात सांगतात त्यात हौसा नुसती पान चघळत राहते. ठकू पुन्हा विचारते. हौसा उठते, रिकामी घागर कमरेवर घेते आणि वेलीला आणखी पाणी आणायला जाते.

त्यापुढं गावातही कुणी काही सांगत नाही.