तांबडीची शिळा

त्या कुत्र्याला हाड हाड करू नका, पाव्हणं. रडू द्या त्याला. तुमच्याकडं कुत्रं रडलं की अपशकुन मानतात, ठाऊक आहे. आमच्याकडंही मानायचे. ते कसं सुटलं, ते या शिळेवर बसूनच ऐका.

फार मागं या पठारावर धनगरांची वस्ती होती म्हणे. तिथं बायडाबाई नावाची बाई, तिची मंजुळा नावाची लहानगी पोर आणि तांबडी नावाची कुत्री. एका सकाळी धुकं असं दाटलं की हाताशी उभं मेंढरू दिसेना, आणि त्यात मंजुळा हरवली. वस्तीनं सारं पठार पालथं घातलं. दुपार कलली तेव्हा तांबडी या शिळेच्या टोकाला येऊन गळा काढून रडायला लागली. झालं, माणसांचं अवसानच गेलं. "कुत्री रडली, पोर गेली," वस्तीचा कारभारी म्हणाला. बायांनी तिथंच बसून आक्रोश मांडला. बाप्यांनी कुत्रीला हाकलायला दगड उचलले.

दगड लागला तरी तांबडी हलेना, असं सांगतात. बायडाबाई मात्र रडत नव्हती, कुत्रीकडं बघत होती. तांबडी लांब सूर काढी, मग गप्प होऊन कान टवकारी, आणि पुन्हा रडे. बायडाबाई ताडकन उठली. म्हणाली, "रडणारं कुणी उत्तरासाठी थांबतं का? ही हाक मारतीया. तुमच्या रडण्यात तिला काही ऐकू येईना. गप बसा सगळ्या."

आक्रोश थांबला. बायडाबाईनं तांबडीशेजारी उभं राहून तिच्याच सुरात हाळी दिली, आणि शिळेखालच्या कपारीतून पोरीचं बारीक मुसमुसणं वर आलं. दोर सोडून तिला काढली. मग तांबडी नुसती भुंकत गिरक्या घेत होती, बाया हसत होत्या की रडत होत्या त्यांनाच कळेना, आणि कारभारी म्हणे कुत्रीपुढं हात जोडून उभा राहिला.

आजही आमच्या गावात कुत्रं रडलं तर कुणी दगड उचलत नाही. हातातलं काम ठेवून आधी गप्प व्हायचं, मग 'ओ' द्यायची, आणि घरातली माणसं जागेवर आहेत का बघायचं. जत्रेतली पहिली भाकरी या शिळेवर कुत्र्यांना. अर्धं गाव त्या मंजुळेच्या वंशाचं, मीही त्यातलाच. तांबडी त्या दिवशी दगडांना भिऊन पळाली असती, तर तुमच्याशी बोलायला मी इथं नसतो.

ऐका, खालून आमच्या सुनेनं 'ओ' दिली. आता बघा, कुत्रं गप्प झालं.